बोट लागते ती शेवटच्या रात्री

सिंगापूरहून निघालेली बोट परतीच्या वाटेला लागली की शेवटच्या रात्री केबिनच्या दाराशी एक कागद येतो. हल्ली तोच हिशेब टीव्हीवर आणि मोबाइलमध्येही दिसतो, पण कागदाचा धक्का वेगळाच असतो. तीन दिवस गळ्यात अडकवलेलं प्लॅस्टिकचं कार्ड हेच दाराची किल्ली, हेच ओळखपत्र आणि हेच पाकीट होतं. ते दाखवलं की काम व्हायचं, पैशाचं नावही निघत नव्हतं. आता त्या प्रत्येक दाखवण्याची एकेक ओळ समोर आलेली असते. नातवाची दोन आइस्क्रीमं, दोघांचं वायफाय, 'नुसता काढून ठेवतो' म्हणत फोटोग्राफरने काढलेला फोटो, पेनांगची बसची सहल आणि तळाशी माणशी, दर रात्रीचा सेवाआकार. 'बोट लागणे'ला मराठीत दोन अर्थ आहेत, एक धक्क्याचा आणि दुसरा पोटाचा. क्रूझवर दोन्ही बारा तासांच्या अंतराने येतात.

कागद घेऊन माणसं रिसेप्शनच्या रांगेत उभी राहतात. काउंटरवरची मुलगी हसून मशीन पुढे सरकवते. पडद्यावर दोन चौकोन असतात, एकात सिंगापूर डॉलर आणि दुसऱ्यात रुपये. तीन दिवस ६५ने गुणून गुणून थकलेल्या माणसाचा रुपये पाहून जीव भांड्यात पडतो आणि मराठीतलं तिसरं बोट, म्हणजे हाताचं, त्या चौकोनावर टेकतं.

तिथे पैसे जातात. किती आणि कसे जातात हे जरा पुढे पाहू. पण क्रूझसाठी कोणतं कार्ड घ्यावं हा प्रश्न बहुतेक जण उलट्या टोकाने धरतात, हे त्या मशीनसमोर लख्ख दिसतं. पॉइंट किती मिळणार हे आधी विचारलं जातं. परक्या पाण्यात ते कार्ड किती कापणार, हे घरी येऊन स्टेटमेंट उघडल्यावर.

कोकणातल्या जुन्या माणसांना हा सगळा प्रकार गमतीचा वाटतो. त्यांची बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे जायची. बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राहायची. मग ट्रंका आणि पोरं सांभाळत पडावात उतरायचं आणि पडावातून किनारा गाठायचा. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं अजून अनेकांच्या तोंडी आहेत. ज्या प्रवासात लिंबू हुंगत डेकवर आडवं पडायचं, त्याच प्रवासासाठी नातवंडं आता हौसेने पैसे मोजतात आणि वर समुद्राकडची बाल्कनी मागून घेतात.

हौस अलीकडची आहे आणि तिला अडखळण्याचा इतिहासही आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली. २०१९च्या एप्रिलमध्ये 'कर्णिका' आली. सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया क्रूझेसची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली. ही बोट १९९०मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यातली. पावसाळ्यात ती मुंबई सोडून चेन्नईकडे जायची आणि दिवाळीच्या सुमारास परतायची. सप्टेंबर २०२५मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. सरकारच्या 'क्रूझ भारत मिशन'ला २०२९पर्यंत समुद्री क्रूझचे प्रवासी १० लाखांवर न्यायचे आहेत. दुसरीकडे देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४च्या सुरुवातीलाच १० कोटींच्या पुढे गेली. या दोन लाटा जिथे भेटतात तिथे आज मध्यमवर्गीय मराठी कुटुंब उभं आहे. हातात एक कार्ड, मोबाइलमध्ये दुसऱ्याची जाहिरात आणि 'बाबा, यावर लाउंज फ्री आहे' असं सांगणारा मुलगा.

आता कार्डाच्या पोटात शिरू. बँकेच्या लेखी प्रत्येक दुकानाला चार आकडी गोत्र असतं. मशीनवर कार्ड लागलं की रकमेबरोबर हा आकडाही बँकेकडे जातो आणि पॉइंट त्या गोत्राप्रमाणे मिळतात. हॉटेलांचा ७०११, ट्रॅव्हल एजन्सीचा ४७२२ आणि क्रूझ कंपन्यांचा ४४११. विमान कंपन्यांची आणखी वेगळी मालिका. कार्डाच्या जाहिरातीत 'प्रवासावर पाचपट' असं मोठ्या अक्षरात असतं, पण बँकेचा 'प्रवास' आणि आपला प्रवास एकच असेल असं नाही.

ॲक्सिस बँकेचं 'ॲटलास' घ्या. वर्षाचं शुल्क ५,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. विमान कंपनीकडे किंवा हॉटेलकडे थेट पैसे भरले, किंवा बँकेच्या स्वतःच्या प्रवास-पोर्टलवरून बुकिंग केलं, तर १०० रुपयांना ५ माइल्स. बाकी खर्चावर २. कार्ड जाणकारांच्या आवडीचं, आणि विमानाने हिंडणाऱ्याला ते आवडावंच. पण क्रूझ हे ना विमान, ना हॉटेल. चौदा मजल्यांचं तरंगतं हॉटेल असलं तरी त्याचं गोत्र वेगळं, त्यामुळे पंक्तीत पान दोनवाल्यांच्या बाजूला. तीच क्रूझ एजंटकडून घेतली तरी पाच मिळत नाहीत, कारण एजंट ४७२२. 'ट्रॅव्हल कार्ड आहे ना?' असं विचारणाऱ्याला बँकेचा माणूस 'हो' म्हणेल आणि तो खोटंही बोलत नसेल.

त्यात मराठी घरातली पहिली क्रूझ बहुधा टूर कंपनीकडून किंवा ओळखीच्या एजंटकडून होते. एजंट सांगतो, कार्डाने दिलं तर दोन टक्के वर लागतील, एनईएफटी करा. दोन टक्के वर देऊन एक टक्क्याचे पॉइंट मिळवण्यात अर्थ नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण त्या दोन टक्क्यांत आणखी एक गोष्ट विकत मिळते. तिचं मोल पैसे अडकल्यावर कळतं, म्हणून तिच्याकडे शेवटी येऊ.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने पैसे घेतानाच गोळा केलेला कर, लागतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एका माणसाच्या १० लाखांपर्यंतच्या खर्चावर ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के असा दर होता. त्या दराने तीन लाखांच्या पॅकेजवर १५,००० रुपये आधीच बाजूला पडायचे. प्राप्तिकराच्या हिशेबात ते वळते होतात, पण ज्या आजी-आजोबांना करच लागत नाही त्यांना ते परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. जून २०२३च्या सरकारी परिपत्रकानुसार नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल म्हणजे पॅकेज नव्हे. तिकीट, मुक्काम आणि तशाच प्रकारचा इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र हव्यात. क्रूझच्या तिकिटात प्रवास आणि मुक्काम एकाच गाठोड्यात येतात, म्हणून एजंट टीसीएस लावणार का, हे पैसे भरायच्या आधी विचारलेलं बरं. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चाचा मात्र यात समावेश नाही. मे २०२३मध्ये सरकारने तो आणायचं ठरवलं, ओरड झाली आणि २८ जूनला निर्णय पुढे ढकलला गेला. मुंबई-लक्षद्वीप फेरी देशातल्या देशातच असल्याने तिथे हा परदेशी सहलीवरचा टीसीएस नाही.

आणि आता त्या मशीनकडे.

भारतातल्या बहुसंख्य कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप लागतो. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के. वरच्या दर्जाच्या कार्डांवर मार्कअप २ टक्के, म्हणजे जीएसटी धरून २.३६. आणि शून्य मार्कअपची कार्डं वेगळी. फेडरल बँकेबरोबरचं 'स्कॅपिया', आयडीएफसी फर्स्टचं 'वॉव', आरबीएलचं 'वर्ल्ड सफारी' ही त्यातली माहीत असलेली नावं.

समजा, बोटीवरचं बिल १,००० सिंगापूर डॉलर झालं. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ६५ रुपयांना धरू, म्हणजे ६५,००० रुपये. साडेतीन टक्क्यांच्या साध्या कार्डाने भरले तर २,६८४ रुपये मार्कअपचे गेले. पॉइंट एक टक्का धरले तर ६५० परत आले. निव्वळ तोटा दोन हजारांच्या वर. आता एचडीएफसीचं 'इन्फिनिया' घेऊ. हे बँक स्वतःहून देते तेव्हाच मिळतं, शुल्क १२,५०० आणि जीएसटी. मार्कअपचे १,५३४ जातात. १५० रुपयांना ५ या दराने २,१६६ पॉइंट मिळतात. बँकेच्या पोर्टलवर विमानाच्या किंवा हॉटेलच्या बुकिंगला वापरले तर पॉइंटला एक रुपया, म्हणजे फायदा सुमारे ६३२ रुपयांचा. आणि शून्य मार्कअपचं, एक टक्का परतावा देणारं, बिनशुल्काचं कार्ड? जात काही नाही, ६५० मिळतात.

ज्या धातूच्या कार्डाचं कौतुक घरात पाहुण्यांसमोर होतं, ते बोटीच्या काउंटरवर अठरा रुपयांनी मागे पडलं. अर्थात 'इन्फिनिया'वाल्याला मुंबईच्या हॉटेल-बुकिंगवर आणि विमानावर जे मिळतं त्याच्याशी या फुकट कार्डाची तुलना होत नाही, आणि ती इथे करायचीही नाही. मुद्दा एवढाच की एका सहलीला दोन कार्डं लागू शकतात. एक निघायच्या आधीच्या खर्चाचं, दुसरं निघाल्यानंतरच्या.

रुपयांच्या चौकोनाचं काय? त्याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. रुपयांत किती होतात हे मग बोटीच्या बाजूची बँक ठरवते, स्वतःचा नफा घालून, आणि तो नफा कधी आपल्या मार्कअपइतका तर कधी त्याहून जास्त असतो. ज्याच्याकडे शून्य मार्कअपचं कार्ड आहे त्याने रुपये दाबले की कार्डाचा फायदाच संपला. गंमत अशी की परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर आपल्याकडच्या अनेक बँका वेगळा एक टक्का किंवा त्याहून थोडा जास्त आकार लावतात, वर जीएसटी. म्हणजे मार्कअप टाळल्याच्या आनंदात माणूस दोन्ही बाजूंनी कापला जातो. बोटीचं चलन काय आहे, ते दाबायचं. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीवर बहुधा सिंगापूर डॉलर, रॉयल कॅरिबियनवर अमेरिकी डॉलर, भूमध्य समुद्रातल्या कोस्टा किंवा एमएससीवर युरो. मुंबईच्या बोटीवर रुपयेच असतात, तिथे ही कटकट नाही आणि शून्य मार्कअपचं कौतुकही नाही.

बिलाचा मोठा भाग आधीच ठरलेला असतो, हेही लोक विसरतात. सेवाआकार माणशी लागतो, केबिनमागे नव्हे. रॉयल कॅरिबियनने नोव्हेंबर २०२४पासून साध्या केबिनसाठी तो माणशी, रोज १८.५० डॉलर केला. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे ५१८ डॉलर, कोणी एक सरबतही न पिता. बऱ्याच कंपन्या तो बुकिंगबरोबर आधी भरू देतात. कोणत्या चलनात आणि कोणत्या कार्डावर भरायचा, हे तेव्हा घरबसल्या ठरवता येतं.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बोटीवर चढताना कार्ड नोंदवून घेतात तेव्हा पैसे कापले जात नाहीत, पण काही रक्कम अडवून ठेवली जाते. खर्च वाढला की आणखी अडवतात. बिल चुकतं झाल्यावर अडवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागतात, कधी आठवडाही. क्रेडिट कार्डावर ही नुसती मर्यादा असते, कोणाला पत्ताही लागत नाही. डेबिट किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्ड दिलं असेल तर अडकतात ते आपले खरे पैसे. बोटीवरून उतरून सिंगापूरला दोन दिवस राहायचं, खरेदीचा बेत आहे, आणि कार्डावर शिल्लक असूनही दुकानात 'डिक्लाइन्ड' येतं ते यामुळे. फॉरेक्स कार्ड किनाऱ्यावर वापरावं, बोटीच्या काउंटरला क्रेडिट कार्डच द्यावं. आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण चालू करावं. २०२०च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतं. भर समुद्रात ओटीपीसाठी रेंज शोधत डेकभर फिरणारा गृहस्थ प्रत्येक फेरीत एखादा तरी असतोच.

कॅसिनोतल्या चिपांसाठी कार्ड पुढे करू नये, एवढं एका वाक्यात पुरे. बँका त्याला रोख उचल समजू शकतात, पॉइंट शून्य आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

पॉइंट जमले. आता ते खर्चायचे कुठे? इथे क्रूझवाल्यांचा स्वभाव आड येतो. क्रूझची हौस आहे तर पॉइंटही क्रूझवरच उडवावेत असं वाटणं साहजिक आहे. पण भारतातल्या कार्डांच्या पॉइंट-दुकानात क्रूझ बहुतेक नसतेच, आणि कुठे मिळाली तरी पॉइंटला भाव कमी मिळतो. पॉइंटला खरा भाव विमानात आणि हॉटेलात. आणि क्रूझची सहल म्हटली की विमान आणि हॉटेल दोन्ही आलंच. बोट कुणासाठी थांबत नाही, म्हणून जाणते लोक आदल्या दिवशी बंदराच्या गावी पोचतात. बार्सिलोना असो की सिंगापूर, ती आदली रात्र आणि तिथवरचं तिकीट ही पॉइंटांची जागा. ॲकॉर समूहाच्या हॉटेलांत २,००० पॉइंटांना ४० युरो असा ठरलेला भाव आहे, सीझन असो नसो. आपल्याकडच्या काही कार्डांचे पॉइंट तिथे वळवता येतात. एका रात्रीच्या मुक्कामासाठी हा ठरलेला भाव फार सोयीचा पडतो, कारण क्रूझच्या मोसमात बंदराच्या गावी हॉटेलांचे दर चढलेलेच असतात.

लाउंजचंही तसंच. क्रूझ टर्मिनलवर कार्डाचं लाउंज नसतं. ते विमानतळावर असतं, आणि तिथेही आता अनेक बँकांनी आदल्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे. वर्षातून एकदा सिंगापूरला जाणाऱ्याने लाउंजसाठी पाच हजारांचं कार्ड घेणं म्हणजे साबुदाणा वड्याची प्लेट पाच हजारांना खाणं.

पॉइंट जमवून ठेवण्याबद्दल मात्र सावध राहावं. २०२३च्या सप्टेंबरपर्यंत ॲक्सिसच्या 'मॅग्नस'वर महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट वर मिळत. कार्डवेड्यांनी अक्षरशः घरातली आणि शेजारची बिलं त्यावर भरली. १ सप्टेंबरला ती सोय बंद झाली, पॉइंटांचे माइल्स करण्याचा दर पाचाला चारवरून पाचाला दोनवर आला आणि शुल्क १०,०००चं १२,५०० झालं. ज्यांनी दोन वर्षांनी अलास्काला जायचं म्हणून पुंजी साठवली होती त्यांची पुंजी अर्धी झाली. पॉइंट जिथे उडवायचे ती विमान कंपनीच नाहीशी होऊ शकते. त्याआधी जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला जमिनीवर आली. १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि विस्ताराच्या नावाची कार्डं बाळगणाऱ्यांची फुकट तिकिटांची सोय गेली. लोणचं मुरलं की चव वाढते. पॉइंट मुरवले की भाव उतरतो.

समुद्रापलीकडच्या मराठी घरांचं गणित निराळं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून बेयॉनचं केप लिबर्टी बंदर गाडीने तासाभराच्या आत. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की सगळ्यांना घेऊन तिथून बर्म्युडा किंवा बहामाजची क्रूझ करणं हा आता ठरलेला कार्यक्रम आहे. सगळ्यांना एकत्र राहता येतं, आजीला फार चालावं लागत नाही आणि विमान नाही. अमेरिकेत क्रूझ कंपन्यांच्या नावाचीच कार्डं मिळतात. रॉयल कॅरिबियनच्या बिनशुल्काच्या कार्डाचं वर्षानुवर्षांचं गणित असं: साध्या खर्चावर डॉलरला एक पॉइंट, स्वतःच्या बोटीवर दोन, आणि १०,००० पॉइंटांना बोटीवर १०० डॉलर. म्हणजे पॉइंटला एक सेंट. कॅपिटल वनचं 'व्हेंचर' वर्षाला ९५ डॉलर घेतं, पण सगळ्याच खर्चावर डॉलरला दोन माइल्स देतं, आणि ते क्रूझसह कोणत्याही प्रवास-खर्चातून एक सेंटाने वजा करता येतात. बोटीचं चित्र असलेलं कार्ड बोटीवरच बरोबरीत सुटतं आणि किराणा दुकानात हरतं.

चेसच्या 'सॅफायर रिझर्व्ह'ची हकिकत तर गोत्राच्या मुद्द्यावर शिक्का मारणारी. प्रवासावर तिप्पट पॉइंट, आणि त्या प्रवासात क्रूझही बसत होती. जून २०२५मध्ये बँकेने शुल्क ५५० डॉलरवरून ७९५वर नेलं आणि रचना बदलली. विमान आणि हॉटेलला थेट पैसे भरले तर चौपट, बँकेच्या पोर्टलवरून आठपट, बाकी प्रवासाला एकपट. थेट कंपनीकडे भरलेली क्रूझ तीनवरून एकवर आली. त्याच बँकेचं ९५ डॉलरचं 'सॅफायर प्रिफर्ड' प्रवासावर, क्रूझ धरून, दुप्पट देत राहिलं. क्रूझवाल्यासाठी धाकटा भाऊ थोरल्याहून सरस ठरला.

आता ती राहिलेली गोष्ट.

'कर्णिका' आठवते? एस्सेल समूहाच्या जलेश क्रूझेसची. एप्रिल २०१९मध्ये मुंबईत आली तेव्हा तिचं केवढं स्वागत झालं होतं. मार्च २०२०मध्ये करोना आला, फेऱ्या थांबल्या, कंपनी बंद पडली आणि नोव्हेंबर २०२०मध्ये 'कर्णिका' अलंगच्या किनाऱ्यावर भंगारासाठी चढवली गेली. एका वर्षात डेकवरच्या नाचगाण्यापासून गॅस कटरपर्यंत. क्रूझचे पैसे महिनोन् महिने आधी भरलेले असतात. मधल्या काळात कंपनीचं काहीही होऊ शकतं.

जानेवारी २०२२मध्ये तर चित्रपटात शोभावं असं घडलं. 'क्रिस्टल सिंफनी' मायामीला परतत होती. इंधनाचं सुमारे ४६ लाख डॉलरचं बिल थकलं म्हणून अमेरिकी न्यायालयाने बोटीच्या जप्तीचा आदेश काढला. बोटीने वळण घेतलं आणि ती बहामाजच्या बिमिनीला गेली. तिथून प्रवाशांना फेरीबोटीने फोर्ट लॉडरडेलला पाठवावं लागलं. मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग तेव्हा बुडत होती. सिंगापूरहून भारतीयांना नेणाऱ्या ड्रीम क्रूझेसचीही तीच मालक. 'गेंटिंग ड्रीम' पुढे नव्या कंपनीकडून, रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसकडून, २०२२च्या जूनमध्ये पुन्हा सिंगापूरहून निघाली. तिच्यावर आज जैन जेवणही मिळतं. पण मधल्या काळात ज्यांचे पैसे जुन्या कंपनीकडे होते त्यांच्यापुढे प्रश्न होता, मागायचे कोणाकडे?

कार्डाने भरले असतील तर बँकेकडे. ब्रिटनमध्ये १९७४च्या ग्राहक पत कायद्याचं कलम ७५ कार्ड देणाऱ्या बँकेलाच विक्रेत्याच्या बरोबरीने जबाबदार धरतं, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीच्या गोष्टीसाठी. भारतात असा नेमका कायदा नाही, पण व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांतली चार्जबॅकची वाट इथेही आहे: सेवा मिळाली नाही, पैसे परत करा. बहुतेक तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते, म्हणून कंपनीच्या 'लवकरच कळवतो'वर विसंबून बसू नये. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एनईएफटीने दिलेल्या पैशांना यातलं काही नाही. एजंटचे ते दोन टक्के कधीकधी द्यावेसे वाटतात ते याचसाठी. ओळखीच्या, वीस वर्षांच्या एजंटला एनईएफटी करावी. इंटरनेटवर काल सापडलेल्या स्वस्त ऑफरवाल्याला कार्डाशिवाय पैसे देऊ नयेत, मग पॉइंट मिळोत न मिळोत.

कार्डाबरोबर येणाऱ्या विम्यावर मात्र फार भिस्त नको. तो बहुतेक विमान अपघाताचा आणि हरवलेल्या सामानाचा असतो. बोट चुकली, पाय मुरगळला, बोटीवरच्या डॉक्टरकडे रात्री जावं लागलं, तर ते बिल त्याच केबिनच्या खात्यावर चढतं. क्रूझचा उल्लेख असलेला प्रवास विमा वेगळा काढावा लागतो.

क्रूझ करणाऱ्यांत निवृत्त लोक बरेच असतात, आणि कार्ड मिळायला त्रासही त्यांनाच. पगाराची चिठ्ठी नाही, म्हणून बँक नाही म्हणते. त्यावर तोडगा मुदत ठेवीवरच्या कार्डाचा. ठेव गहाण राहते, तिचं व्याज चालू राहतं आणि ठेवीच्या प्रमाणात मर्यादा मिळते. आयडीएफसीचं 'वॉव' असंच आहे आणि त्यावर मार्कअपही नाही. दुसरा मार्ग मुलाच्या कार्डावरचं ॲड-ऑन. पण पॉइंट जातात मुलाकडे आणि प्रत्येक खर्चाचा मेसेजही. आईने दुपारी स्पा घेतला हे बाबांच्या आधी पुण्यातल्या मुलाला कळतं.

हे सारं गणित एका अटीवर उभं आहे. बिल तारखेला पूर्ण भरायचं. महिन्याला साडेतीन टक्के व्याजाने ६५,००० रुपये एक महिना राहिले की २,२७५ रुपये झाले. वरच्या सगळ्या हिशेबात कोणत्याही कार्डाने एवढा फायदा दिलेला नाही.

बोट धक्क्याला लागते, बॅगा मिळतात, सगळे घरी येतात. पंधरा दिवसांनी स्टेटमेंट येतं. कंपनीचं नाव ओळखू न येणाऱ्या आद्याक्षरांत छापलेलं असतं, म्हणून गृहस्थ चष्मा लावून दाराशी आलेला तो कागद शेजारी ठेवतात आणि पेनाने एकेक ओळ जुळवतात. सिंगापूर डॉलर दाबले होते, मार्कअपच्या रकान्यात शून्य आहे. पॉइंटांचे झाले ६५० रुपये. नातवाची दोन आइस्क्रीमं त्याहून थोडी महाग पडली होती.